दुसरा मुखवटा आधी

राजाला मुखवटे दोन लागतात.
एक डोळ्यांचा, एक डोळे गेल्यानंतरचा.
दुसरा मी आधी करतो.
गालांवरून ओघळलेला तांबडा रंग
वाळायला चार दिवस घेतो,
आणि आमच्या थोरिकोसला समुद्राची हवा, सदा दमट.

म्हणून राजा पहिल्या मुखवट्यात
छाती काढून गरजतो, कोण तो पापी, आणा माझ्यासमोर,
तेव्हा दाराआड, खुंटीवर
त्याचा शेवट वाळून खडखडीत झालेला असतो.
लोक याला दैव म्हणतात.
मला तर जुन्या कापडाच्या चिंध्या दिसतात,
सरस, चुना.
कपाळावरच्या आठ्यासुद्धा मीच ओढतो,
बोथट सुरीने, कापड ओलं असतानाच.

नट कुरकुरतो: फिलाग्रोस, भोकं जरा मोठी पाड,
पायाखालचं काही दिसत नाही.
मी म्हणतो, दारापासून वेदीपर्यंत अकरा पावलं. मोज.
दिसायला लागलं तर खाली बघशील,
आणि खाली बघत चालणारा राजा
कुणाला खरा वाटत नाही.

वर उतारावर चांदीच्या खाणीचे मुकादम
अंजिरं चघळत बसलेले.
त्यांना पहिल्या ओळीपासून सगळं ठाऊक असतं,
तरी ओरडतात,
नको, ते दार नको उघडू!
मीही ओरडलोय.
बाहीला नाक पुसत म्हणालोय, आंधळा रे, आंधळा.

त्याच वर्षी
मुखवटे पोचवायला अथेन्सला गेलो.
पाठीवर पोतं, पोत्यात सहा तोंडं.
टेकडीवर सभा भरली होती.
कुणी तरी बोलत होता, आणि छान बोलत होता:
पश्चिमेचं बेट, गव्हाची शेतं,
देवळांत म्हणे सोन्याची ताटं.
पाठवायची का जहाजं?
मी हात वर केला.
चुन्याने पांढरा झालेला माझा हात
मोजणाऱ्याला लांबूनही दिसला असेल.
मागून कुणी ओरडलं नाही.

माझा किखेसियास सगळ्यात खालच्या ओळीत वल्ह्यावर बसला.
तिथून समुद्र दिसत नाही,
आणि वल्हं मारणारा तर जायच्या दिशेला पाठ करूनच बसतो.
निघताना म्हणाला, बरंय की, घर दिसत राहील.
मग त्याला आठवलं असावं
की तिथे खिडकीच नसते.
हसला.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात
मला दूताचा मुखवटा करायचा होता.
साचा फुटलेला, दुसरा मिळेना.
त्याच्याच तोंडावर ओल्या चिंध्या बसवल्या.
नाक खाजतंय, म्हणाला.
हलू नकोस, म्हटलं,
डोळे मीट, चुना जाईल.

जहाजं आली नाहीत.
बातमी आली, तीही तुकड्यातुकड्यांनी, बंदरातून,
कुणी दगडाच्या खाणी म्हणे, कुणी ताप म्हणे.
नावं कुणाकडेच नव्हती.

आता दर हिवाळ्याच्या उत्सवात
माझ्या मुलाचा चेहरा डाव्या बाजूने धावत येतो,
धापा टाकतो,
आणि कुणा परक्याच्या आवाजात
दुसऱ्यांची मुलं कशी मेली ते सांगतो.
कुठे पडली, शेवटी काय बोलली, अगदी बारीकसारीक.
आपलं काही सांगत नाही.

यंदा गावप्रमुख म्हणाला, दूत जुनाट झाला,
हनुवटीला तडा गेलाय, नवा कर.
सरस चुलीवर ठेवला होता.
उतू गेला. मी बघतच बसलो होतो.
मग तडा बुजवला, तेवढंच.

हेदिस्ते एरवी नाटकात लोकर पिंजत बसते,
राजा काय, राणी काय, मान वर करत नाही.
पण दूत आला की उठून उभी राहते.
मागचे ओरडतात,
ए म्हातारे, बस खाली,
आम्हाला काही दिसत नाही!